ऑपरेटरबाईंचा उखाणा

“नाव घ्या. मोठ्यानं घ्या, इथं मशीनचा आवाज आहे.”

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत तुम्ही त्या काळी फोन केला असेल, तर हे वाक्य तुमच्या कानावर पडलंच असणार. समोरचा म्हणायचा, “साहेबांना द्या.” बाई म्हणायच्या, “कुठल्या साहेबांना? इथं दगड मारला तर साहेबालाच लागतो. नाव घ्या.” समोरचा चाचरत नाव सांगायचा, मग बाई खणखणीत आवाजात “होल्ड करा, लाईन देते” म्हणायच्या. त्या आवाजावरून लोकांना त्या उंच, धिप्पाड वाटत. प्रत्यक्षात त्या माझ्या खांद्याला लागत, आणि मीही काही ताडमाड नाही.

जुईनगरला आम्ही सगळे एकदमच राहायला आलो. बिल्डिंग नवी, रस्ते नवे, झाडं गुडघ्याएवढी. मी तळमजल्यावर, त्या दुसऱ्या मजल्यावर. टेलिफोन ऑपरेटर म्हणून सगळे त्यांना ऑपरेटरबाई म्हणत. त्यामुळे नव्यानं आलेल्यांचा घोळ व्हायचा. एका गृहस्थांनी तर हर्नियाचे कागद घेऊन त्यांची बेल वाजवली होती. बाईंनी कागद उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाल्या, “कापायचं काम माझ्याकडं नसतं. पण कापणाऱ्याचा नंबर देते, बसा.” गृहस्थ चहा पिऊन, नंबर घेऊन गेले आणि ऑपरेशन झाल्यावर पेढेही देऊन गेले.

मूळच्या कराडकडच्या. मुंबईत वीसेक वर्षं काढूनही बोलण्यातला ‘की’ आणि ‘व्हय’ सुटला नव्हता. कंपनीतली सवय घरीही सुटायची नाही. कुणी वहिनी म्हणाल्या, “आमच्या ह्यांना वांगं चालत नाही,” की बाई लगेच, “ह्यांना म्हंजे कुणाला? नाव घेऊन बोल की.” सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी म्हणालं, “काही लोक जिन्यात कचरा ठेवतात,” की मागून आवाज यायचा, “नाव घेऊन बोला.” मग ज्यानं विषय काढला तोच गप्प बसायचा, कारण कचरा ठेवणारा बहुधा त्याच्या शेजारीच बसलेला असायचा. सेक्रेटरी सुरेशराव ह्या वाक्याला फार वैतागलेले होते. त्यांचा सगळा कारभार ‘काही लोक’ आणि ‘संबंधितांनी’ ह्या दोन शब्दांवर चालायचा.

बाईंना कॅन्सर झाला तेव्हाही त्या तशाच बोलल्या. ऑपरेशन होऊन घरी आल्या. माणसं शहाळी, मोसंबी घेऊन भेटायला जात. आजारी माणसाला भेटायला गेल्यावर आपण कसा आवाज उतरवतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. तसा आवाज उतरवून कुणीतरी विचारायचं, “कसलं हो ऑपरेशन?”

“स्तनाचं. डावा काढला,” बाई म्हणायच्या. शेजारी बसलेला माणूस चहाच्या कपात बघायला लागायचा.

सेक्रेटरींच्या बायकोनं, सुनीतावहिनींनी, हे ऐकून तोंडाला पदर लावला आणि “इश्श!” म्हणाल्या. मी तिथंच होते. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, डोक्यावरचे केस गेलेले, आवाज मात्र तसाच. म्हणाल्या, “इश्श काय गं? तुला नाहीत व्हय?”

सुनीतावहिनी पुढे कितीतरी दिवस दुसऱ्या मजल्यावर फिरकल्या नाहीत.

बाईंची मुलगी शुभा तेव्हा वाशीच्या कॉलेजात कॉमर्सला होती. आईचा आवाज तिला मिळाला नव्हता, पण जीभ मिळाली होती. आईला दवाखान्यात नेणं-आणणं, औषधं, जेवण, सगळं तीच बघायची. वडील वसंतराव फार मवाळ. रक्ताचा रिपोर्ट आला की ते बाल्कनीत जाऊन कुंड्यांना पाणी घालायचे. कुंड्यांतली निम्मी झाडं त्या वर्षी जास्त पाण्यानं गेली, असं शुभा म्हणायची. बाईंचे केस परत यायला लागले तेव्हा ती म्हणाली, “आई, तू आता माझ्या लहान भावासारखी दिसतेस.” बाई आरशात बघून म्हणाल्या, “बरंच झालं की, पोरगा नाही म्हणून तुझी आजी रडत होती.” आणि दोघी खो खो हसल्या.

आता माझं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय ही हकीकत पुढे सरकायची नाही. त्या दिवाळीत अभ्यंगस्नानाला अंगाला तेल लावताना माझ्या बोटांना गाठ लागली. सुपारीएवढी, उजव्या बाजूला. मी पुन्हा तेल लावून पाहिलं. ती तिथंच होती.

मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. दुसऱ्या मजल्यावर असं माणूस राहत होतं ज्याला सांगायला हवं होतं, तिथंही नाही. मी शाळेत मराठी शिकवते. समानार्थी, विरुद्धार्थी, वाक्यात उपयोग करा, ह्यावरच माझं पोट. पण आमच्या घरात डोकं, पोट, पाठ, गुडघा ह्यांना नावं होती आणि ह्याला नव्हतं. ‘इथं’ म्हणायचं आणि नजर दुसरीकडे वळवायची. शिवाय मनात वेडगळ भीती होती की तोंडानं उच्चारलं की ती गाठ खरी होईल. घराचे हप्ते चालू होते, मुलगा तिसरीत होता. मी रोज आंघोळीच्या वेळी हात लावून बघायचे आणि शाळेत जायचे. मला भयंकर भीती वाटत होती, एवढंच खरं.

पौषात एके दिवशी शुभा कॉलेजातून पत्रक घेऊन आली. एक संस्था वाशीहून पदयात्रा काढणार होती, स्तनाच्या कर्करोगाविरुद्ध. चालणाऱ्यांनी आपापल्या भागातून पैसे जमवायचे. ज्या भागातून पुरेसे पैसे येतील तिथं बायकांच्या तपासणीची गाडी मोफत येईल.

“चालशील का, आई?” शुभानं विचारलं.

“चालंन की. पण माझ्या चालण्याचे लोकांनी पैसे कशाला द्यायचे?”

“तशी पद्धत आहे.”

“असंल. आपण वर्गणी म्हणूया. लोकांना वर्गणी समजती.”

त्याच संध्याकाळी दोघी माझ्या दारात. “मास्तरीण, तुझं अक्षर चांगलं हाय. पावत्या तू लिही,” बाई म्हणाल्या. नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. मी त्यांच्याबरोबर निघाले, पदराखाली ती सुपारी घेऊन.

वर्गणी मागण्याचा अनुभव तुम्ही घेतला असेल तर तुम्हाला सांगायला नको. गणपतीची वर्गणी मागताना निदान गणपती कोण हे समजावावं लागत नाही. इथं पहिल्यापासून सुरुवात होती. शेजारच्या बिल्डिंगमधले निवृत्त आजोबा म्हणाले, “मी रोज पहाटे स्टेशनापर्यंत चालतो, मला कुणी दमडी देत नाही.” बाई म्हणाल्या, “तुम्ही नुसतेच चालता. आमच्याबरोबर चाला, तुमचेही मागते.” दुसऱ्या एका घरात आजींनी ‘पदयात्रा’ ऐकल्याबरोबर देव्हाऱ्यातली नोट काढून दिली, तीन वेळा नमस्कार केला आणि शिर्डीहून येताना उदी आणा म्हणाल्या. शुभा खरं काय ते सांगायला तोंड उघडत होती. बाईंनी तिला कोपर मारलं. मग जिना उतरून गेल्यावर बाईच पुन्हा वर चढल्या आणि आजींना सगळं नीट सांगून आल्या. आजींनी नोट परत घेतली नाही. “उदी मात्र आणा,” म्हणाल्या.

अडलं ते आमच्याच बिल्डिंगमध्ये. शुभानं छापून आणलेल्या कागदावर ‘स्तनाच्या कर्करोगाविरुद्ध पदयात्रा आणि मोफत तपासणी’ असं ठळक होतं. हा कागद दारोदार टाकायला सेक्रेटरींची परवानगी लागणार होती. सुरेशरावांनी चष्मा लावला, चष्मा काढला, पेन घेतलं आणि पहिला शब्द खोडला.

“बाई, बिल्डिंगमध्ये लहान मुलं आहेत. ‘छातीच्या’ म्हणा ना. अर्थ तोच.”

“अर्थ तोच नाही, काका,” शुभा म्हणाली.

“मग ‘महिलांच्या विशिष्ट’ असं काहीतरी—”

शुभा भांडायला उभी राहिली होती. पण बाईंनी तिला हातानं थांबवलं. “राहू दे. ‘छाती’ तर ‘छाती’. पैसे येऊ देत, गाडी येऊ दे. गाडीपुढं सगळ्यांना कळंलच.” बाईंना मी त्या एका वेळीच माघार घेताना पाहिलं. मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. मलाही तो शब्द हातातल्या कागदावर नकोच होता.

नवे कागद वाटले गेले. तळाशी लिहिलं होतं, तपासणीसाठी इच्छुकांनी नावे द्यावीत. आणि काय सांगू, नावं यायला लागली! रोज संध्याकाळी कुणी ना कुणी बाईंच्या घरी चिठ्ठी देऊन जायचं. रविवारी शुभा सगळ्या चिठ्ठ्या घेऊन बसली, मी लिहायला बसले. शुभा वाचायला लागली, “रमेश. दत्तात्रय. प्रभाकर, वय बासष्ट. विजय, कंसात, फार खोकतात.”

मी पेन खाली ठेवलं. सगळी यादी पुरुषांची होती. बिड्या-सिगारेटी ओढणारा सेक्टरमधला एकेक नवरा त्याच्या बायकोनं छातीच्या तपासणीला लावून दिला होता. सुनीतावहिनींनी सुरेशरावांचंही नाव दिलं होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘गच्चीवर जाऊन ओढतात, त्यांना वाटतं मला माहीत नाही.’

आम्ही तिघी हसता हसता गाद्यांवर लोळलो. वसंतराव आतून बघून गेले. शुभाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. “आई, गाडीत चढणार कसे गं हे सगळे? तिथं बायका डॉक्टर असणार!” हसणं पुन्हा उसळलं.

मग माझ्या ध्यानात आलं की बाई हसायच्या थांबल्या आहेत.

“माझ्या धाकट्या बहिणीचं असंच झालं,” त्या म्हणाल्या. “सासरी तिनं सांगितलं, छातीत दुखतंय. तेवढंच. बाईमाणसानं आणखी काय सांगायचं? सासूनं आल्याचा काढा दिला. मग दिरानं मोटारसायकलवर बसवून छातीच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं फोटो काढला. फोटोत फुप्फुसं चांगली. सगळे म्हणाले, देव पावला. तिनं सासूला नारळ फोडायला लावला. मला पत्र आलं, ताई, छाती चांगली हाय, काळजी करू नको. पुढच्या वर्षी ती गेली. गाठ पुरणपोळीच्या गोळ्याएवढी झाली होती, आणि घरात एकाही माणसानं ती बघितली नव्हती.”

शुभाला हे माहीत असावं, कारण ती आईच्या जवळ सरकली. मी मान खाली घालून चिठ्ठ्या गोळा करत राहिले. त्या क्षणी सांगायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणते. पण चिठ्ठ्या मी शुभाच्या हातात दिल्या. मी “मुलगा वाट बघत असेल” म्हणून खाली आले.

बाईंनी दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं की संक्रांतीचं हळदीकुंकू ह्या वर्षी त्यांच्याकडे, सगळ्या बिल्डिंगचं एकत्र. वाण लुटायचं नाही. चहाच्या गाळण्या, साबणाच्या डब्या, प्लॅस्टिकच्या वाट्या, जे काही आणणार होता त्याचे पैसे डब्यात टाका. आणि नावं घ्यायची आहेत, तयारीनं या.

बायका नटूनथटून आल्या. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने एका नव्या नवरीच्या अंगावर, अत्तर, तिळगूळ, सगळं यथासांग. डबा खुळखुळत होता. बाईंनी सगळ्यांना कुंकू लावलं, दार लोटून घेतलं आणि मधोमध उभ्या राहिल्या.

“आता नावं. आधी माझं,” म्हणाल्या आणि वसंतरावांचं नाव घेतलं, रीतीप्रमाणे, चंदनाचं खोड आणि सोन्याचं निरांजन घालून. टाळ्या पडल्या. “थांबा. यंदा प्रत्येकीनं दोन नावं घ्यायची हायत. दुसरं ऐका.” आणि कंपनीतल्या टेलिफोन बोर्डावरच्या आवाजात त्यांनी म्हटलं,

“मारुतीच्या देवळात एकादशीचं कीर्तन,
कॅन्सर जिथं झाला मला, त्याचं नाव स्तन.”

हलव्याचे दागिने घातलेली नवरी जमिनीकडे बघत होती.

“नवऱ्याचं नाव एरवी घेत नाही आपण,” बाई म्हणाल्या. “पण उखाण्यात घेतो की नाही? मग हेही उखाण्यात घ्या. लाज वाटत असंल तर यमकामागं लपवा. पण घ्या. तुमी ‘छाती’ म्हणालात आणि नवऱ्यांची नावं दिलीत. गाडी तुमच्यासाठी येणार हाय, बायांनो.”

मग शुभा उठली. कुणीतरी म्हणालं, “अगं, तू कसलं नाव घेणार? लग्न कुठं झालंय तुझं?”

“म्हणून तर मला एकच घ्यायचंय,” शुभा म्हणाली.

“तिळगूळ घ्या, गोड बोला, स्वच्छ ठेवा मन,
आपलाच आहे अवयव, नाव त्याचं स्तन.”

एक बारीक खसखस पिकली. आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, कोपऱ्यातून सुनीतावहिनी उभ्या राहिल्या. चेहरा लालबुंद. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.

“मी दोन्ही एकातच घेते,” त्या म्हणाल्या.

“वाणाऐवजी दिलं यंदा पर्समधलं धन,
सुरेशरावांनी खोडलेला शब्द आहे स्तन!”

असा हशा झाला की खालून कुणीतरी “काय झालं?” म्हणून ओरडलं. बाईंनी धावत जाऊन सुनीतावहिनींना मिठीच मारली. त्यानंतर मग बांध फुटला. एकेक उठत होती. कुणी ‘वर्तन’ जुळवलं, कुणी ‘परिवर्तन’, एकीला काहीच जुळेना म्हणून तिनं ‘टनाटन’ घातलं. हसून हसून बायकांची कुंकवं ओघळली. इतक्या वर्षांच्या शिकवण्यात ‘यमक’ इतकं मन लावून कुणी जुळवताना मी पाहिलं नाही.

“मास्तरीण, तू राहिलीस की,” बाई म्हणाल्या. “तुझा तर मान मोठा. मराठीची बाई.”

मी उभी राहिले. नवऱ्याचं नाव घेतलं, दर वर्षीचंच. टाळ्या झाल्या. मग दुसरं. मी तोंड उघडलं, आणि मला एकही यमक सुचलं नाही. मी म्हटलं,

“मला गाठ आहे. स्तनात. दिवाळीपासून.”

हशा जिथल्या तिथं थांबला. मला वाटलं आता सगळ्या माझ्याभोवती जमतील, रडारड होईल, कुणी म्हणेल अगंबाई. पण बाईंनी कुणाला जागचं हलू दिलं नाही. त्या माझ्यासमोर आल्या. माझ्याकडे नीट बघितलं. त्यांचे डोळे भरले होते, आवाज भरला नव्हता.

“कुठल्या बाजूला?”

“उजव्या.”

“घरी सांगितलंस?”

“नाही.”

“बरं. होल्ड कर, लाईन देते,” म्हणाल्या आणि वळून, भरल्या हळदीकुंकवात, सगळ्या बायकांसमोर फोन उचलून त्यांनी स्वतःच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर फिरवला. नंबर त्यांना पाठ होता. “नमस्कार डॉक्टर. माझी मैत्रीण हाय, नाव लिहून घ्या,” आणि माझं नाव, आडनावासकट, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. सोमवारची वेळ मिळाली. शुभानं माझ्या हातात तिळगूळ ठेवला. मी तो खाल्ला. किती गोड लागला म्हणून सांगू.

खाली गेले तेव्हा नवरा मुलाच्या शाळेच्या शर्टाला इस्त्री करत होता. मी त्याला सांगितलं, शब्दासकट. एकदा तोंडातून गेलेला शब्द दुसऱ्यांदा सोपा जातो. त्यानं इस्त्री उभी करून ठेवली, बटण बंद केलं आणि म्हणाला, “सोमवारी मी रजा टाकतो.” मग थोड्या वेळानं म्हणाला, “एवढे दिवस एकटीच?” आणि मग मात्र मी रडले.

गाठ वाईट निघाली. पण वेळेत सापडली, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ऑपरेशनची तारीख ठरली ती पदयात्रेनंतरच्या आठवड्यातली. “म्हंजे चालायला मोकळी हायस,” बाईंनी लगेच हिशेब लावला.

रथसप्तमी झाल्यावरच्या रविवारी आम्ही वाशीला गेलो. बाई नऊवारी नेसून आल्या होत्या, पायांत शुभाचे कॅनव्हासचे बूट. आमच्या बिल्डिंगमधून अर्ध्या बायका आणि चालणारे ते निवृत्त आजोबा. सगळ्यांत पुढे बाई, शुभा आणि मी. कुणीतरी हातात फलक दिला होता, तो शुभानं धरला, कारण ऑपरेशननंतर बाईंना डावा हात वर उचलून धरता येत नसे. मी मधे. एका बाजूनं आई, एका बाजूनं मुलगी, आणि दोघी मला न विचारता माझ्या दोन्ही कोपरांना धरून चालत होत्या.

रस्त्याकडेला खाडीकाठच्या गावातली एक म्हातारी मासळीची टोपली घेऊन बसली होती. फलक तिला वाचता येत नसावा. तिनं हाक मारली, “गो बाय, कसला मोर्चा हाय हा?”

“स्तनाच्या कॅन्सरचा!” बाई ओरडल्या.

“कसल्याचा?”

“स्तनाच्या!”

म्हातारीनं क्षणभर विचार केला. मग बाईंच्या नऊवारीकडे, बुटांकडे, एका बाजूला सपाट पडलेल्या पदराकडे बघितलं आणि तिला उमगलं. “म्हंजे थानाचा बोल ना! इस्तन नि बिस्तन कोनाला समजंल?”

बाई भर रस्त्यात उभ्या राहून हसल्या. “अगं, आमच्या गावाकडंबी थानच म्हणतात की! मीच विसरले बघ, मुंबईत येऊन.” त्यानंतर रस्त्यात कुणी विचारलं की बाई माणूस बघून शब्द द्यायच्या. पँटवाल्याला स्तन, टोपलीवालीला थान. पण दिल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

गाडी आमच्याकडे उन्हाळ्यात आली. मी तेव्हा ऑपरेशनमधून उठून बाल्कनीत बसले होते. रांगेत पुरुष एकही नव्हता. पहिल्या सुनीतावहिनी.

पुढची काही वर्षं आमची चांगली गेली. माझी तर आजवर चांगलीच गेली. बाईंचं मात्र दुखणं परत आलं, हाडांत शिरलं. त्यांनी तेही नाव घेऊन सांगितलं. कंपनीतल्या बोर्डावर त्या बसता येईल तोवर बसल्या. शेवटी शेवटी मी रोज दुपारी शाळेतून आल्यावर वर जायचे. त्या मला शुद्धलेखनाच्या वह्या तपासताना बघत पडून राहायच्या आणि मधेच म्हणायच्या, “कुणी चांगलं लिहिलंय का गं? नाव घे त्याचं.” शुभाला तेव्हा नोकरी लागली होती. ती संध्याकाळी येऊन आईचे केस विंचरायची. केस पुन्हा तितकेसे आले नव्हते, पण विंचरायची.

त्या गेल्या तो मंगळवार होता. मी सकाळी दूध घ्यायला बाहेर आले तर जिन्याखालच्या काळ्या फळ्यावर सुरेशराव खडूनं लिहून गेले होते. त्यांचं अक्षर घाईघाईत आणखी बारीक झालं होतं. बाईंचं नाव, वय, अंत्ययात्रेची वेळ. आणि मधे ते वाक्य, जे आपण सगळ्या मराठी माणसांनी हजारदा वाचलंय: ‘अल्पशा आजाराने दुःखद निधन.’

मी दूध पायरीवर ठेवलं. फळ्याच्या कडेला ओलं फडकं होतं. मी ‘अल्पशा आजाराने’ पुसलं आणि त्या जागी लिहिलं, ‘स्तनाच्या कर्करोगाने’. फळा ओला झाला होता. अक्षर धड उमटलं नाही.

मागे चपलांचा आवाज आला. सुरेशराव फुलांची पिशवी घेऊन उभे होते. त्यांनी फळा वाचला. मी फडकं हातात घट्ट धरून उभी राहिले. पुसायला आले तर द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, माझ्या हातातून फक्त खडू घेतला आणि त्या पहिल्या शब्दावरून सावकाश, एकेक रेघ जाड करत, पुन्हा गिरवायला लागले.

“पुसट झालंय,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “येणाऱ्यांना लांबून वाचता आलं पाहिजे.”